नांदेड ते किल्लारी : तंबू, येळवस आणि रेडिओ

मैत्रिणींनो, सहलीला निघायचं म्हटलं की आपलं सामान ठरलेलं असतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, पाण्याचा कॅन, आणि ऐनवेळी हमखास राहून जाणारा चहाचा गाळणा. मागच्या डिसेंबरात मी नांदेडहून निघाले तेव्हा मात्र माझ्या दशम्यांच्या डब्याशेजारी गाडीत एक मोटारीची बॅटरी होती, तारेचं भलंमोठं भेंडोळं होतं, दोन बांबू होते आणि उशीत गुंडाळलेला एक रेडिओचा संच होता. "मावशी, डबा कलंडला तरी चालेल, उशी कलंडू देऊ नकोस," अशी तंबी भाच्याने दिली होती. आता बोला!

हा माझा भाचा हॅम आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. आपण रेडिओ ऐकतो, हे लोक रेडिओवरून बोलतातही. सरकारचा परवाना काढून, स्वतःचा संच लावून, कधी लातूरशी, कधी हैदराबादशी, तर कधी थेट जपान-रशियाशी. पैसा नाही, व्यापार नाही, राजकारण नाही. या लहरींवर तसलं काही बोलायलाच बंदी आहे. नुसती ओळख करायची, एकमेकांचा आवाज कसा येतो ते सांगायचं आणि निरोप घ्यायचा. तुम्ही म्हणाल, यात कसली आलीय गंमत? मीही असंच म्हणत होते. पण या छंदाचं आमच्या घराशी जुनं देणं आहे. ते पुढे सांगते.

आधी रस्ता. सकाळी गोदावरीचा पूल मागे टाकला तेव्हा घाटावर धुकं होतं आणि गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रिक्षांची वर्दळ सुरू झाली होती. नांदेड ते लातूर अंतर एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत लोहा लागतं, मग माळेगाव. मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची यात्रा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिली असेल. घोडे, उंट, गाढवं यांचा एवढा मोठा बाजार आपल्याकडे दुसरीकडे क्वचितच भरत असेल. पुढे अहमदपूर, चाकूर असं करत आपण बालाघाटच्या माळावर चढतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पोटऱ्यात आलेली ज्वारी, शेंगांनी लवलेल्या तुरी आणि हरभऱ्याचा खारट वास. हा प्रवास करायचा तर थंडीतच करावा. उन्हाळ्यात इथली माती डोळ्यांत जाते. याच लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालत नाही.

लातूरहून औसा. औशाचा भुईकोट किल्ला पाहण्यासारखा आहे. दुरून दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर खंदक आणि दुहेरी तटबंदी समोर उभी राहते. तिथून पुढे खरोसा. टेकडीच्या कड्यात सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली लेणी आहेत. वेरूळच्या तोलाची भव्यता नाही, दगडही ठिसूळ, त्यामुळे मूर्ती झिजल्या आहेत. पण एक सांगू? गर्दी नाही, ढकलाढकली नाही, पोरं मोकळी पळतात आणि आपल्याला सावलीत पाय पसरून बसता येतं. एवढ्यासाठी तरी जावं.

टेकडीवर चढल्यावर भाच्याने खिशातून हातात मावेल एवढा संच काढला. अशा छोट्या संचाच्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की अडतात, उंचावर उभं राहिलं की लांबवर पोचतात. त्याने दोनदा आपलं नाव पुकारलं, म्हणजे परवान्यावरची अक्षरं. भारतातल्या हौशी केंद्रांची नावं बहुधा 'व्ही यू'ने सुरू होतात. आणि लातुरातला एक गृहस्थ शेजारच्या पायरीवर बसल्यासारखा स्वच्छ बोलू लागला. "काय म्हणतेय थंडी?" ही पहिली चौकशी. मला हसूच आलं. एवढी खटपट करून शेवटी हवापाण्याच्याच गप्पा!

मुक्काम होता माझ्या ताईच्या शेतात. आणि दिवस कोणता, तर येळवस.

लातूर-धाराशिवकडच्या मैत्रिणींना येळवस सांगायला नको. इतरांसाठी सांगते. वेळ अमावस्येला या भागातली गावंच्या गावं ओस पडतात, कारण झाडून सगळे शेतात गेलेले असतात. कडब्याची कोप उभारायची, आत काळ्या आईची पूजा मांडायची आणि मग जेवायचं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, तुरीचे ओले दाणे-वाटाणे-पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, गव्हाची खीर. ही भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हेत हं! आणि कुणाच्याही शेतात जा, वाटसरूला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. विलायतेत, अमेरिकेत तंबू ठोकून रानात राहण्याला केवढं महत्त्व आहे. आमच्या ताईच्या सासरी तर ते वाडवडिलांपासून चालत आलंय.

त्या अमेरिकेतले हॅम दर जूनमध्ये एक गंमत करतात. १९३३ पासूनची त्यांची प्रथा आहे. घरातली सुखसोय सोडून मैदानात, डोंगरावर जायचं, तंबू ठोकायचा आणि घरच्या विजेशिवाय, बॅटरीवर किंवा जनित्रावर संच लावून चोवीस तास जमेल तितक्यांशी बोलायचं. वरवर खेळ, पण आतून ती कवायत आहे. उद्या पूर आला, भूकंप झाला, वीज गेली, टेलिफोन बंद पडला, तर आपण तासाभरात उभे राहू का, याची परीक्षा. भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी हीच कवायत येळवशीला जोडून घेतली आहे.

तार कशी बांधली ते सांगते, कारण ते काम मी स्वतः केलं. वाळवणाच्या दोरीसारखी वीस मीटर तार. मधोमध तोडून तिथून केबल खाली संचाला आणायची. एक टोक बाभळीला, दुसरं बांबूला. फार उंच नको, पुरुष-दीड पुरुष पुरे. मी विचारलं, "अरे, इतक्या खालून लातूरचा डोंगर तरी ओलांडेल का?" तर म्हणाला, "मावशी, पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ वर जाऊन थेंब होऊन खाली पडते ना? तसंच हे." आपल्या डोक्यावर शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर आहे. या लहरी सरळ वर जातात, त्या थराला लागून परततात आणि दोन-चारशे किलोमीटरच्या घेरात सगळीकडे पाऊस पडावा तशा पडतात. मध्ये डोंगर असो, दरी असो. मध्ये टॉवर नको, तारेचं जाळं नको. दोन टोकांना दोन माणसं आणि दोन बॅटऱ्या असल्या की झालं.

शेजारच्या शेतातल्या आजी हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "काय करू लालाव बाई हितं? दोरीवर काय वाळू घालणार?" मी म्हटलं, "निरोप!" त्या खो खो हसल्या आणि आंबिलीचा तांब्या पुढे केला.

आता ते देणं सांगते.

१९९३ साली मी नांदेडला नवी नवरी होते. ताईला दिली होती किल्लारीच्या बाजूच्या एका गावात. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गावोगाव गणपतीची विसर्जनं झाली, माणसं दमून झोपली आणि ३० तारखेला पहाटे चारच्या चार-पाच मिनिटं आधी धरणी हलली. आमच्या मांडणीवरची भांडी खणखणली. सकाळच्या बातम्यांत किल्लारीचं नाव आलं आणि आई मटकन खाली बसली.

त्या भागातली जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवायचे. उन्हाळ्यात काय गारवा असतो त्या घरांत! पण तीच माती, तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली मिळून बावन्न गावं पुरी उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. वर पाऊस सुरू झाला.

आमचा भाऊ त्याच दिवशी मिळेल त्या वाहनाने निघाला. तो पोचला की नाही, ताई आहे की नाही, काही कळेना. टेलिफोन लागत नव्हते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आई चुलीपाशी बसून राहायची आणि चूल पेटवायची नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला पोऱ्या धावत आला. हैदराबादहून फोन होता.

पलीकडे एक अनोळखी पुरुष होता. दखनी हिंदीत, सावकाश, एकेक शब्द तोडून त्याने वाचून दाखवलं: बहीण सुखरूप, दोन्ही मुलं सुखरूप, दाजींच्या पायाला मार, सासूबाई गेल्या. पुन्हा एकदा वाचलं. "समझ में आया, अम्मा?" असं विचारलं आणि ठेवला.

नंतर उलगडा झाला. भूकंपाची बातमी कळताच हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या लोकांसह ठिकठिकाणचे हॅम आपापले संच घेऊन त्या भागात आले होते. कुठे औषधं हवीत, कुठे ताडपत्र्या हव्यात, कोण कुठल्या छावणीत आहे, असे निरोप ते पोचवत होते. अशाच एका तंबूपाशी ताई गेली. त्यांनी विचारलं, कुणाला कळवायचं? कुठे? तिला त्या औषधाच्या दुकानाचा नंबर तोंडपाठ होता, कारण दर दिवाळीला लातूरला गेली की त्याच नंबरवर ती आईला फोन करायची. तो नंबर आणि चार ओळी रानातून हैदराबादला गेल्या आणि तिथल्या कुणीतरी आम्हाला फोन लावला.

ताई वाचली कशी? गाय व्यायला झाली होती म्हणून दाजी आणि ती पत्र्याच्या गोठ्यात होती आणि मुलं हट्टाने तिच्यामागे आली होती. सासूबाई आत माळवदाखाली झोपल्या होत्या. त्या दोन मुलांतला थोरला, तेव्हा सहा वर्षांचा, तोच हा आमचा हॅम. त्या तंबूत पाहिलेली बॅटरी, तार आणि कानाला लावलेले हेडफोन त्याच्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत.

आम्हाला फोन करणारा तो माणूस कोण, हे आजवर कळलेलं नाही. भाच्याने परवाना मिळाल्यापासून कितीदा चौकशी केली. पण अशा वेळी शेकड्याने निरोप जातात, कोणता कुणी दिला याचा हिशेब कोण ठेवतो?

मैत्रिणींनो, हे काम फक्त पुरुषांचं आहे असं मात्र समजू नका. भारती प्रसाद या हॅम बाईंचं नाव जगभरच्या रेडिओवाल्यांना ठाऊक आहे. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायची परवानगी कित्येक वर्षं मिळत नव्हती. ती मिळवून २००४ च्या डिसेंबरात त्या पोर्ट ब्लेअरला गेल्या. हॉटेलात संच लावून जगाशी बोलत होत्या आणि २६ डिसेंबरला सकाळी त्सुनामी आली. त्यांनी छंद बाजूला ठेवला आणि तोच संच मदतीच्या कामाला जुंपला. बेटांवरच्या माणसांची खबरबात मुख्य भूमीवर पोचवली. बंगालमधल्या गंगासागरच्या यात्रेत चुकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरच्यांशी गाठ घालून देण्याचं कामही तिथले हॅम वर्षानुवर्षं करत आले आहेत.

यांच्या बोलीत एक मजा आहे. पुरुष हॅम कितीही कोवळा असो, त्याला 'ओल्ड मॅन' म्हणतात आणि बाई हॅम नातवंडांची आजी असली तरी ती 'यंग लेडी'! हे ऐकल्यावर माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "मग मी उद्याच परीक्षेला बसते." थट्टा सोडा, पण बसता येतं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देता येते. पदवी लागत नाही. विजेची आणि रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम एवढा अभ्यास. सुरुवातीच्या श्रेणीला मोर्सची कड-कट्ट यायलाच हवी असंही नाही. परवान्याशिवाय बोलणं मात्र गुन्हा आहे आणि घराबाहेर मुक्कामी संच लावायचा तर त्याचेही नियम आधी नीट पाहून घ्यावे लागतात.

भाच्याची मुलगी चौदा वर्षांची. तिला नुकताच परवाना मिळालाय. संध्याकाळी चारच्या सुमाराला, जेवणं आटोपून बायका कोपीजवळ सुस्तावल्या होत्या तेव्हा ती संचापुढे बसली. आवाज कापत होता. दोनदा पुकारलं, नुसती खरखर. तिसऱ्यांदा पुकारलं आणि खरखरीतून एक आवाज आला. हैदराबाद.

ताई बांधावर भांडी घासत होती. हात तसाच राखेत. ती उठून तंबूपाशी आली आणि नातीला म्हणाली, "बाई, त्याला इचार, किल्लारीला आला होता का म्हणून."

मुलीने आपल्या शब्दांत विचारलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो पंचवीस वर्षांचा होता. म्हणाला, "तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण आमचे वरिष्ठ लोक त्याबद्दल सांगत असतात."

आम्ही सगळे ताईकडे पाहायला लागलो. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "लेकरूच हाय म्हणा की. इचार, जेवला का? आज येळवस हाय म्हणावं."

रात्री भेंडोळ्यावर घोंगडी टाकून आम्ही बहिणी तंबूत झोपलो. ताई गेली तीस वर्षं दगडी घरात झोपलेली नाही. पुनर्वसनात मिळालेलं घर आहे, रुंद रस्ते आहेत, पण शेत लांब पडलं आणि जुनी आळी मोडली, हे दुःख ती अजून काढते. तंबूचं कापड हाताने चाचपून म्हणाली, "हे बरं हाय. अंगावर पडलं तरी काय व्हायचं नाही."

सकाळी परतताना किल्लारीला थांबलो. जुन्या गावाच्या जागी स्मारक आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे श्रद्धांजली वाहतात. तुम्ही या बाजूला आलात तर खरोसा-औसा जरूर बघा, पण दहा मिनिटं इथेही थांबा. इथे पोरांना ओरडून खेळू देऊ नका, एवढंच.

जाता जाता चार गोष्टी सांगते. संच घ्या, न घ्या, या करायला पैसा पडत नाही.

पहिली, तीन नंबर तोंडपाठ करा. घरच्या एकाचा, माहेरचा एक आणि परगावच्या एका नातलगाचा. आता सगळे नंबर मोबाइलच्या पोटात असतात आणि मोबाइलची बॅटरी संपली की आपण आंधळ्या. ताईला नंबर पाठ नसता तर रेडिओवाल्यांनी तरी काय केलं असतं? मुलांकडूनही पाढ्यांसारखे म्हणवून घ्या.

दुसरी, तेच नंबर, घरातल्यांची नावं आणि रक्तगट एका कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि बॅटरीचा दिवा, सुटे पैसे, रोजची औषधं यांच्यासह दाराजवळ एका डब्यात ठेवा. गव्हाच्या कोठीत नको, घाईत सापडत नाही.

तिसरी, परगावचा तो नातलग सगळ्यांना ठरवून सांगा. संकटात सगळ्यांनी त्याच एकाला कळवायचं. गावातले फोन गावात लागत नाहीत तेव्हा बाहेरगावचा निरोप पोचतो.

चौथी, निरोप छोटा द्यायला शिका. कोण, कुठे, कसा आहे, काय हवं. ताईचा निरोप चार ओळींचा होता आणि त्यात एक शब्द वावगा नव्हता. आपल्याला फोनवर हे जमतं का, प्रामाणिकपणे सांगा बरं!

मी? मी पुस्तक मागवलंय. हे म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "रेडिओवर मी यंग लेडी आहे." दुपारची धुणीभांडी उरकली की अर्धा तास वाचते. ओहमचा नियम अजून नीट उमगलेला नाही. पण पुढच्या येळवशीला ताईच्या शेतात बाभळीला तार मीच बांधणार आहे आणि शक्य झालं तर हैदराबादला पहिली हाकही मीच देणार आहे.